वीतभर उघडी खिडकी

कुणाच्याही घरात शिरल्या की बाई आधी उजव्या हाताची मागची बाजू हवेत धरायच्या, तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तशी. मग निकाल द्यायच्या, "इथे ऑर्किड जगणार नाही." डॉक्टरांच्या गारठलेल्या दवाखान्यातही त्यांनी तो दिला होता. वर विचारलं, "अहो, पेशंट जगतात का?"

बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीत माझ्या समोरच्या दारात एकट्या राहायच्या. मी तालुक्याच्या शाळेतून आलेली, घरातली पहिली पदवीधर, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. या शहरात मला आपणहून चहाला बोलावणारं पहिलं घर त्यांचं. गावाकडून "पोरीला एकटीला पुणं मानवेल का?" असे फोन यायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "जागा मानवली की नाही, हे रोपाला सांगू दे. शेजाऱ्यांनी सांगायचं नसतं."

त्यांचं रोप विद्यार्थ्यांनी निरोप समारंभात दिलेलं. जाड पानांचं, पांढऱ्या फुलांचं ऑर्किड. फुलं झडल्यावर नर्सरीवाला म्हणाला, "आता टाकून द्या. पुण्यातल्या घरात परत येत नाहीत."

"मीही निवृत्त झालेय," बाई म्हणाल्या. "मलाही टाकता का?"

तेव्हापासून त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर तापमापक आला. सुती कपड्यात आपल्याला बरं वाटतं तेवढी ऊब ऑर्किडला दिवसा हवी, पंचवीसच्या आसपास. रात्री अठरापर्यंत उतार. तो उतार काही आठवडे मिळाला नाही, तर पानं येत राहतात, फूल येत नाही. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं, की मी ऑफिसातही सांगू लागले. एप्रिलमध्ये काटा बत्तीसवर जायचा. कुंडीखालच्या ताटलीत खडे आणि पाणी ठेवून, खिडकीला ओली चादर बांधून बाई बसायच्या. "या दिवसांत आम्ही दोघं रुसतो. मरत नाही."

मग एका हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमधून परत आल्या, तेव्हा मुलाने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवून टाकलं होतं. त्याचा फ्लॅट उंच इमारतीत, प्रत्येक खोलीत एसी. दोघं एरवी घरच्या बोलीत बोलत. भांडताना मात्र माझ्यासाठी मराठीवर येत. साक्षीदाराला सगळं कळायला हवं ना.

"अम्मी, तुम्ही एकट्या राहू शकत नाही."

बाईंनी कुंडीकडे बोट केलं. "हे पुढच्या थंडीत या घरात फुललं, तर मी इथेच राहणार. नाही फुललं, तर मुकाट्याने तुझ्याकडे येईन. कबूल?"

तो लगेच कबूल झाला. नर्सरीवाल्याचं मत त्यालाही ठाऊक होतं.

थंडी आली. बाई संध्याकाळी खिडकी वीतभर उघडायच्या, कडाका वाढला की चार बोटं. मुलगा ऑफिसातून येऊन ती घट्ट लावायचा. पैज जिंकायला नव्हे. आईची छाती त्याला ठाऊक होती. तो जिना उतरला की बाई पुन्हा उघडायच्या. शेवटी खोकला सुरू झाला आणि डॉक्टरांनी बजावलं, खिडकी बंद म्हणजे बंद.

आता हरल्या, असं मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी गेले, तर बाईंची खाट स्वयंपाकघरात. मधलं दार बंद, दाराच्या फटीला जुनी चादर. आत गॅसची ऊब, बाहेर हॉलमध्ये ऑर्किड एकटं, उघड्या खिडकीशी.

"डॉक्टर मला म्हणाले थंडीत बसू नका. त्याला नाही म्हणाले."

मुलगा आला आणि भडकला. "एका झाडासाठी आई स्वयंपाकघरात झोपते! लोक काय म्हणतील?"

"झाडासाठी नाही रे. घरासाठी." त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "आणि लोकांना म्हणू दे. त्यांना खिडकी लावून घेता येते."

तो रागाने मधलं दार उघडून हॉलमध्ये गेला. खिडकी लावायलाच गेला असणार. पण लावल्याचा आवाज आला नाही. बराच वेळ आला नाही. मी डोकावले, तर तो कुंडीपुढे वाकलेला. पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं बाहेर आलं होतं. आजवर अशी मुळंच निघाली होती, गोल टोकाची, रुपेरी. याचं टोक चपटं होतं, लहान मुलाच्या हातमोज्यासारखं.

तो न बोलता खुडून टाकू शकला असता. बाईंना ते अजून दिसलंही नव्हतं.

"अम्मी," तो म्हणाला, "हे मूळ नाही. फुलाचा दांडा आहे."

"मग?" आतून बाई म्हणाल्या. "मधलं दार लाव. थंडी येतेय."

बाई त्यानंतर त्याच घरात राहिल्या आणि त्याच घरातून गेल्या. शेवटी ऑक्सिजनचं यंत्र शेजारी होतं, तरी सोसायटीतल्या कुणी "मुलाकडे बरं झालं असतं" म्हटलं की मी आजही भांडते.

परवा डिसेंबरात मुलाने जेवायला बोलावलं. उंच इमारत, मोठा हॉल. एसीवर कापड बांधलेलं. सूनबाई स्वेटरमध्ये, नात शाल गुंडाळून. कोपऱ्यात ती कुंडी. त्याने उजव्या हाताची मागची बाजू हवेत धरली, खिडकी अजून जराशी उघडली आणि मला म्हणाला,

"बसा. थोडी थंडी वाजेल."