मी उभीच बरी

"मी उभीच बरी गो," म्हणत मावशी ओट्याला टेकून चहा प्यायच्या. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत त्या बाळ-बाळंतिणीला मालिश करायला येत. अशा मावशी तुमच्याकडेही आल्या असतील. पाटावर बसायचं, पाय पसरायचे, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. आमच्या मावशी मात्र ओट्यावर टब ठेवून, उभ्यानं. मी चिडवायचे, "मावशी, तुम्ही फॉरेनच्या काय?"

त्या हसायच्या आणि माझं पोट सुती साडीनं करकचून बांधायच्या. "आवळून धर. खालचाही आवळून धर. नायतर सगळा ढिला पडता."

आई पंधरा दिवसांत परत गेली. नवरा सकाळी जायचा तो रात्री यायचा. टाके भरले होते, पण बाळाला पाजायला बसलं की खाली अशी कळ यायची, की डोळ्यांत पाणी. नवरा म्हणाला, "होईल गं कमी." दिवसभर अकराव्या मजल्यावर मी आणि ते तान्हं. बोलायला फक्त मावशी, आणि त्यांनाही हे सांगायची लाज वाटायची. शेवटी एकटीच फिजिओ मॅडमकडे गेले. त्यांनी तपासून सांगितलं, "खालचे स्नायू सतत आवळलेले आहेत. आधी सोडायला शिका." गुडघे वाकवून उताणं पडायचं, श्वास पोटात खोल जाऊ द्यायचा आणि खालचं सगळं सैल सोडायचं. एवढंच, पण मला आठवडाभर जमलं नाही.

सव्वा महिना झाला. रीतीप्रमाणे मावशींना साडी द्यायची, ओटी भरायची. मी पाट मांडला. "उभ्यानं कुठे ओटी घेतात? बसा." त्या बसल्या. एका कुशीवर कलून, तळहात फरशीवर रेटून, श्वास रोखून. अहो, मीसुद्धा अशीच बसत होते.

"मावशी, किती वर्षं?"

त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मुलगो सत्तावीसचो झालो."

सत्तावीस वर्षं ही बाई आवळून धरून होती. तिला सुईणीनं सांगितलं, तिनं आम्हा सगळ्यांना सांगितलं. गावी त्यांची म्हातारी आई होती. आठ वर्षांत भेट नाही, कारण एसटीत इतका वेळ बसवत नाही. आईला कळवायच्या, "कामातून सुटका नाय."

मी त्यांना मॅडमकडे नेलं. तपासणी झाली आणि मग रोज चार वाजता त्या व्यायामाला माझ्याकडे येऊ लागल्या. आम्ही दोघी चटईवर, मध्ये बाळ.

"सोडा, मावशी."

"सोडलंय गो."

"कुठे सोडलंय? दात बघा किती आवळलेत."

मग दोघी हसायचो, आणि हसताना मात्र सगळं आपोआप सुटायचं. कितीतरी आठवड्यांनी त्यांनी एक कप चहा बसून घेतला. पुढे जेवणही. माझं दुखणं त्याच्या आधीच थांबलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. चटई मांडत राहिले.

एके दिवशी त्या एसटीचं तिकीट दाखवायला आल्या. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेल्या. महिना झाला तशी मी फोन केला.

"मावशी, कधी येताय?"

"आता कसली येतंय? म्हातारी उठत नाय. मी आवशीच्या उशाशी बसलंय." मग हळूच म्हणाल्या, "सकाळपासून बसलंय गो. तू बरी मा?"

"बरी आहे," मी म्हटलं. खरंच काही दुखत नव्हतं. चार वाजले होते आणि चटई मांडून झाली होती.