बाबांनी थुंकलेली वाईन

आमच्या बाबांना दोन गोष्टींची भयंकर चीड होती: एक दारू आणि दुसरी भेसळ. खामगावच्या एका तेलगिरणीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं तेल तपासण्यात घालवली. शेंगदाण्याच्या तेलात कुणी सरकीचं तेल मिसळलं, तर बाबा थेंबभर तळहातावर घासून, वास घेऊन, जिभेला लावून तिथल्या तिथे सांगत. प्रयोगशाळेचा कागद नंतर यायचा आणि बाबांच्याच बाजूने बोलायचा. याचा त्यांना फार गर्व होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

अशा माणसाच्या घरी माझे होणारे सासरे नाशिकहून वाईनची बाटली घेऊन आले. ‘होणारे’ हे आपलं मी मनातल्या मनात म्हणायची. मुलाची जात वेगळी म्हणून बाबांनी वर्षभर होकार अडवून धरला होता, आणि बाबांना दुखवून मला लग्न करायचं नव्हतं. त्या दिवशी हो की नाही ते ठरणार होतं. बाटली पाहिली आणि मी त्यांच्यासोबत आलेल्या त्या मुलाकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं.

“घरचीच आहे गं,” तो पुटपुटला. “आम्ही दुसरं काय आणणार?”

सासरे मोकळेपणाने सांगत होते. मळा त्यांचा, द्राक्षं त्यांची, बाटलीत भरण्याचं कामही घरच्यांचंच. “तीन जातींची पांढरी द्राक्षं एकत्र करतो आम्ही. वडिलांनी घालून दिलेलं प्रमाण आहे, अजून बदललेलं नाही.”

“तीन जाती एकात?” बाबा म्हणाले. “म्हंजे भेसळच झाली ना हो.”

पोह्यांच्या बशा आणणारी आई दारातच थबकली. मी जमिनीकडे बघत राहिले. सासरे तेवढे हसले. “वास तरी घेऊन बघा. तुमच्या नाकाची कीर्ती लेकीने सांगितलीय.”

नाकाचं नाव काढल्यावर बाबा कसले थांबतात! चांगले काचेचे ग्लास बाजूला सारून त्यांनी स्टीलची वाटी मागवली. थेंबभर वाईन तळहातावर घासली, डोळे मिटून हुंगली. मग एक घोट तोंडात घेतला, गालांत खुळखुळवला, आणि उठून मोरीत पचकन थुंकले.

आईने कपाळावर हात मारला. “अवो, पाहुण्यायनं आणलेलं थुकता काऊन?”

संपलं सगळं, असं मला वाटलं. पण सासरे खुर्चीतून उठलेच.

“वहिनी, असंच चाखतात! आमच्याकडचे चाखणारे दिवसभर थुंकतच असतात. गिळत बसले तर दहाव्या घोटाला काय कळणार?”

“तेलाचं बी तसंच हाये,” बाबा खुशीत म्हणाले. “गिळलं का जीभ मेली.”

त्यानंतर दोघांना आमची आठवण राहिली नाही. पोहे गार झाले. बाबा वाटी नाकाशी धरून सांगू लागले, “यातली एक आंबट हाये, लई पुढं पुढं करते. दुसरी नरम. तिसरी जराशीच हाये, फुलावानी वास येते तिचा. तिच्यानंच या दोघी धरून राह्यल्या.”

सासऱ्यांनी खुर्ची बाबांच्या जवळ ओढली. मग म्हणाले, “ती वडिलांनी हट्टाने लावली होती. पीक कमी येतं म्हणून ती काढून टाका, असं मुलं म्हणतात.”

“बिलकुल काढू नोका!” बाबा जवळजवळ ओरडलेच.

मग त्यांनी वाटी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला. “जिंदगीभर मिसळलेलं पकडाचंच काम केलं मी,” ते म्हणाले. “मिसळून चांगलं बी होते, हे पाहाचंच राह्यलं.” मग माझ्याकडे वळले. “सालभर तुले उगाच रडवलं ना वं मी?”

“हाव, रडवलं,” मी म्हणाले, आणि सगळ्यांसमोर पुन्हा रडले.