टाळीला ओ देणारा माणूस

माझ्या दारावर मी 'गोदावरी जोशी' अशी पूर्ण पाटी लावून घेतली, त्याला तेलीबागच्या बाजारातला एक पेंटर जबाबदार आहे.

मी त्याला म्हटलं होतं, "भैया, सिर्फ जी. जोशी लिखिए." गोदावरी हे आजीचं नाव. ते ऐकून बँकेतल्या नव्या मुली मला माझ्या रिटायरमेंटची तारीख विचारतात, हेही त्याला सांगितलं.

कानावरचा ब्रश काढत तो म्हणाला, "हमें भी अपना नाम पसंद नहीं. दादाजी का है."

"पुराना लगता है?"

"पुराना? अजी, बिलकुल नया है. पचपन साल में किसी ने इस्तेमाल ही नहीं किया."

मग खांद्यावरच्या फडक्याला ब्रश पुसत त्याने सगळं सांगितलं. आई आणि काकू सासऱ्यांचं नाव तोंडातून काढत नसत, म्हणून त्याला टाळी वाजवून बोलावत. घरच्या कुत्र्यालाही टाळीच होती. दोघं एकदम धावायचे आणि जेवण असलं की कुत्रा आधी पोचायचा. पुढे लग्न झालं, तर बायको नवऱ्याचं नाव घेईना. तीही टाळीच वाजवते.

"एक बार आप पुकार दीजिए ना," तो लाजत म्हणाला आणि हळूच त्याने मला नाव सांगितलं.

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि त्या नावाने खणखणीत हाक मारली. अख्खा बाजार माझ्याकडे बघायला लागला. तो मात्र मागे वळून बघत होता, कोणाला बोलावतायत म्हणून.

शेवटी मी टाळी वाजवली.

"जी, आया!" म्हणत तो धावत आला.