चाकाला कान

लालबागच्या वळणावर एक बाई बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव, म्हणजे कडेची गोल पट्टी, चढवायची. नाव मी कधी विचारलं नाही. उन्हाने लाकूड आकसून सैल झालेली आमची धाव तिने कापून, जोडून छोटी केली, तेव्हा मी घाबरलोच. दुसऱ्या दिवशी गाडीत केळी भरायची होती.

“ताई, ही चाकावर बसणार कशी?”

“तापली की फैलावते, दादा. थंड झाली की धरून ठेवते.”

लालभडक धाव तिने चिमट्याने चाकावर बसवली. लाकडाने पेट घेताच बादलीभर पाणी ओतलं आणि त्या धुरातच चाकाजवळ कान नेला. आतले आरे करकरत आवळले, तशी ती हसली.

“ऐका, धरलं बघा!”

आता उन्हाळ्यात गाडी निघाली की मीही कान देतो. त्या बाईने धाव चढवलेलं चाक अजून खडखडलेलं नाही.