डाव्या हाताची पत्रं

नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत निनावी पत्रं यायला लागली, तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. नवरा मनमाडला रेल्वेत होता, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. बाकीचे दिवस घरात मी आणि सासरे.

पहिलं पत्र चर्चच्या पंचकमिटीच्या अध्यक्षांच्या घरी आलं. साधं इनलँड, वर नाशिकचाच शिक्का. नवे पाळकसाहेब आणि चर्चमध्ये पायपेटी वाजवणाऱ्या विधवा नर्सबाई यांच्याबद्दल त्यात नको नको ते लिहिलं होतं. अक्षर तिरपंतिरपं, नुकतं लिहायला शिकलेल्या माणसासारखं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. पाचवं थेट पाळकसाहेबांच्याही वरच्या साहेबांकडे गेलं.

उपासना सुटल्यावर बायका पूर्वी अर्धा तास अंगणात बोलत उभ्या राहायच्या. आता प्रत्येक जण भराभर चपला घालून घरी. नर्सबाईंना कुणी सलाम करेना. पोस्टात कुणी इनलँड घेताना दिसलं, तरी मागचा माणूस मान लांब करून बघायचा. मीसुद्धा बघायचे.

हळूहळू सगळ्यांचं बोट चर्चच्या शिपायाकडे वळलं. तो निफाडकडच्या खेड्यातून आलेला, चौथीपर्यंत शिकलेला. घंटा उशिरा वाजवली म्हणून पाळकसाहेब त्याला चारचौघांत बोलले होते. अक्षर अडाणी, राग ताजा. लोकांना आणखी काय हवं होतं?

तिसरं पत्र मला अध्यक्षांच्या बायकोनं दाखवलं. "तुम्ही मास्तरीणबाई, अक्षर ओळखू येतं का बघा," म्हणाली. अक्षर ओळखू येत नव्हतं. पण डाव्या कोपऱ्यात, मजकुराच्या वर, शाईनं काहीतरी गिरगटून खोडलं होतं. मी कागद खिडकीकडे धरला. शाईखाली एक बारीक क्रूस होता.

माझे सासरे निवृत्त शिक्षक. कागद कोणताही असो, वाण्याची यादी असो की अर्ज, कोपऱ्यात आधी छोटा क्रूस काढल्याशिवाय त्यांचा हात पुढे जात नसे. पायपेटीही तीस वर्षं त्यांनीच वाजवली होती. बोटं आखडायला लागली, सूर चुकायला लागले, आणि नव्या पाळकसाहेबांनी ती नर्सबाईंना दिली. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "बरं झालं. मलाही आराम."

"नाही ओळखू येत," म्हणून मी पत्र परत केलं.

त्या दिवसापासून मी घरातल्या घरात पाळत ठेवू लागले. त्यांची दौत किती रिकामी झाली बघायचे. ते फिरायला गेले की टेबलाचा खण उघडायचे. त्यांना चहा देताना माझी नजर त्यांच्या बोटांवरच्या शाईवर. माझी मलाच किळस यायची. वाटायचं, त्यांनी क्रूस काढायला शिकवलेले विद्यार्थी वस्तीत थोडे का आहेत? त्यांतलाच कुणी असेल.

मग एका दुपारी शाळा लवकर सुटली. दार लोटलेलंच होतं. सासरे पाठमोरे बसले होते आणि डाव्या हातात टाक घट्ट धरून सावकाश लिहीत होते. मी तशीच मागे फिरले आणि पंचवटीच्या बाजारात जाऊन उगाचच तासभर भाज्या बघत हिंडले.

शनिवारी नवऱ्याला सांगितलं.

"तू बाबांवर नजर ठेवतेस?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आणखी कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. ते खोटं आहे, असं मात्र तो म्हणाला नाही.

मी रोज प्रार्थना करायचे. पण मागणं काय, तर दुसऱ्या कुणीतरी हे ओळखावं, माझ्यावर येऊ नये. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं आणि त्यानंतर शिपायाला काढून टाकायची सभा. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, आपापलं मन तपासा आणि मग या. रांगेत सासरे माझ्या पुढे होते. त्यांनी भाकर घेतली, प्याला घेतला. माझी पाळी आली आणि माझे गुडघे वाकेनात. त्या वेदीपुढे मला पहिल्यांदा उमगलं, की इतके दिवस मी देवाकडे धैर्य मागितलंच नव्हतं, सुटका मागत होते. मनातल्या मनात म्हटलं, बोलायला लाव, पुढचं तूच बघ. आणि काही न घेता जागेवर परत आले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागून कुजबुज ऐकू आली, "हीच असेल लिहिणारी."

सभेत शिपाई दाराशी उभा होता, त्याची बायको पायरीवर. अध्यक्ष ठराव वाचणार तोच मी उठले.

"तिसऱ्या पत्राच्या वरची खाडाखोड उजेडात धरा. खाली क्रूस आहे. तो काढायची सवय कुणाची, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. शिपाई त्यांच्या हाताखाली शिकलेला नाही."

"निम्म्या मंडळीला ती सवय त्यांनीच लावलीय," कुणीतरी ओरडलं. "म्हणून काय थोर माणसावर चिखल उडवायचा?"

"मी त्यांना लिहिताना पाहिलंय. डाव्या हातानं." मी सासऱ्यांकडे वळले. "बाबा, तुम्हीच सांगा."

त्यांनी काठी घेतली, उठले आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेले. त्यांना अडवायला कुणी पुढे झालं नाही.

ठराव बारगळला. शिपायाची नोकरी आणि चर्चच्या आवारातली खोली वाचली. पत्रं थांबली. पण नर्सबाईंनी त्याच उन्हाळ्यात पुण्याला बदली करून घेतली, आणि पाळकसाहेबही वर्षभरात गेले. लोकांनी सासऱ्यांना महिन्याभरात माफ केलं. मला नाही केलं. घरातलं उघड्यावर आणणारी सून म्हणून माझ्याशी बायका कित्येक वर्षं जपून बोलत. नवरा दोन शनिवार आलाच नाही. तिसऱ्या शनिवारी आला, जेवला, आणि निजायच्या आधीच्या प्रार्थनेला नेहमीसारखा माझ्या शेजारी बसला. सासरे आणखी सहा वर्षं माझ्या हातचं जेवले. त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत, मीही काढला नाही.

सभेनंतर आठवड्याभरानं शिपायाची बायको मला नळावर भेटली. वाटलं, आभार मानेल. तिनं हंडा खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, तुमाला आधीच ठावं व्हतं ना?"

"हो," मी म्हणाले.

"किती दिस?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे माझी पोरं शाळंत गेली नाय. घान चिठ्ठ्या लिवनाऱ्याची पोरं म्हनून लय चिडवायचे."

मी क्षमा मागितली. तिनं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही, आणि हंडा उचलून ती निघून गेली.