कर्दळीआडची मनी

कल्याणच्या शेणाळे तळ्याकाठी तुळसाकाकूंचं परसू होतं आणि परसाच्या टोकाला, अगदी पाण्यालगत, एक सपाट दगड. रोज जेवणाआधी काकबळी म्हणून कावळ्यासाठी भाताचा घास ठेवायचा, एवढंच शास्त्र. पण काकूंचा हात आखडता नव्हता. कण्या, चुरलेली भाकरी, परळात पाणी, काही ना काही तिथं असायचंच, आणि मग दगडावर बाजार भरायचा. आलवणातल्या, बोडक्या डोक्याच्या या विधवा बाईला बाहेर कुणी बोलावत नसे, म्हणून तिनं सगळं जग आपल्या परसात बोलावून घेतलं होतं.

तिथले मानपान तिला तोंडपाठ होते. खारीच्या शेपटीला शेपूट लावून चिमण्या कण्या टिपत. सातभाई आले की नुसता कलकलाट, पण खारीला जागा ठेवीत. मुंगूस दिसलं की भांडणं विसरून सगळे मिळून त्याला हुसकून लावीत. आणि कावळे तर महाद्वाड! काकूंची मनी दूधभात खायला बसली की एक मागून तिचं शेपूट ओढी, आणि ती वळली की दुसरा भात पळवी. हिंडत्याफिरत्या मांजराची त्यांना मुळीच पर्वा नव्हती. पण तीच मनी कर्दळीआड दबा धरून बसली, की एकही कावळा खाली उतरत नसे. वर बसूनच कोकलत राहायचे.

काकूंचा एकुलता लेक हरिहर, रेल्वेतला कारकून, एका वर्षी तापानं गेला. मागं राहिली त्याची बायको सुमती, गुडघ्यापर्यंत केसांची, मंगळागौरीची गाणी अजून ओठांवर असलेली पोर. दहाव्याला काकूंचे धाकटे दीर परशुरामपंत यांनी पिंड मुद्दाम त्याच दगडावर ठेवायला लावला. "इथं कावळ्यांना काय तोटा?" ते म्हणाले. जांभळीखाली न्हावी वस्तऱ्याला धार लावत बसला होता. कावळा पिंडाला शिवला की पुढचं काम त्याचं.

कावळा शिवेना. जांभूळ कावळ्यांनी काळी झाली होती, पण खाली एकही येईना. परशुरामपंत हात जोडून म्हणाले, "हरिहरा, तुझ्या आईला आम्ही अंतर देणार नाही." कावळे जागचे हलले नाहीत. "बाबा रे, या घरातला तुझा वाटा सुमतीकडेच राहील." तरी नाही. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून शिववू, असं भटजी म्हणाले, तर पंत खेकसले, "माझ्या पुतण्याची बोळवण गवताच्या कावळ्यावर करू?" माणूस तापट खरा, पण हरिहरला त्यांनी खांद्यावर खेळवला होता.

मागल्या दारात उभ्या असलेल्या काकूंना कर्दळीच्या पानांत पिवळी शेपटी हलताना दिसली. एक हाक मारली की मनी उठेल, कावळा उतरेल, लेक सुटेल. हाक ओठांवर आली. पण पाठीशी सुमती उभी होती, पदराखाली केस दोन्ही हातांनी घट्ट धरून. काकूंना आपला दिवस आठवला, त्या दिवशी आपले हात कुणी दाबून धरले होते तेही आठवलं. त्यांनी हाक गिळली. आपलं लेकरू उपाशी ताटकळतंय, हे कळत असूनही त्यांनी मनीला उठवलं नाही.

शेवटी पंत दाराशी आले. "वहिनी, तुम्ही आई. तुम्हीच सांगा, त्याचा जीव कशात अडकलाय?"

"भावोजी," काकू म्हणाल्या, "सुमतीच्या केसांत."

पंतांचा चेहरा लाल झाला. "अहो वहिनी, गाव काय म्हणेल?"

"गाव म्हणेल ते म्हणेल. वर बघा, तो काय म्हणतोय."

वर कावळ्यांनी नुसता कल्ला मांडला होता. पंतांनी वर पाहिलं. मग जड पावलांनी दगडाकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "हरिहरा, तुझ्या बायकोच्या केसांना वस्तरा लागणार नाही. माझा शब्द."

सगळ्यांच्या माना वर वळल्या. काकूंनी तेवढ्यात दुधाची वाटी उंबऱ्यावर वाजवली. मनी कर्दळीतून उठली, आळस दिला आणि शेपूट उभारून निवांत दाराकडे चालू लागली. ती दाराशी पोचायच्या आत दोन कावळे पिंडावर उतरले होते. पंत मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. मांजराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. एकट्या सुमतीचं गेलं.

दुपारी तिनं विचारलं, "सासूबाई, माझ्या केसांचं ते खरंच कधी काही म्हणाले होते?"

"नाही गं. त्याला विचारावं, हे मलाच कधी सुचलं नाही." काकूंनी तिला पुढ्यात बसवलं आणि फणी घेतली. केसांत गुंता झाला होता. "माझं बाळ ते. त्याला मी उपाशी ताटकळत ठेवलं," म्हणाल्या आणि त्यांना रडू आवरेना. रडत रडतच त्यांनी गुंता सोडवला, केसांचे तीन पेड केले आणि तिथंच थांबल्या. कुठला पेड कशावर घ्यायचा, ते त्यांना आठवेना.

सुमतीनं हात मागं नेले, सासूची बोटं धरली आणि पहिला पेड घालून दाखवला.