बाबांचा दिवा, आईचं पोतं

सिटी सेंटर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रंगारी घासलेटने ब्रश धूत होता. त्या वासाने मला बाबांचा दिवा आठवला, त्याची गोष्ट नातीला सांगितली.

पाटणकर बाजार नावाच्या पेठेत माझे बाबा कंदील दुरुस्त करायचे. एका संध्याकाळी त्यांनी स्वतः बनवलेला पोकळ वातीचा दिवा घरात पेटवला. वातीला आतूनही हवा मिळाली की धूर होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्योत एकदम हातभर उसळली. आई ओलं पोतं घेऊन पुढे आली.

"अहो, घर जाळाल!"

"थांब! आधी काच लावू दे!"

मी काच दिली. ज्योत खाली बसली, पांढरी झाली. आईने तरी पोतं सोडलं नाही.

नात मोबाइल बघून म्हणाली, "आजी, ये तो पहले से था! दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने शोधलाय."

"असेल. त्याच्या घरी पोतं कोणी धरलं होतं, ते लिहिलंय का बघ."